कृष्णकमळ : एका रानवेलीचा इतिहास

मागे एका पावसाळ्यात आमच्या एका मावशीच्या घरी जाण्याचा योग आला. तिचे यजमान निवर्तले त्याला तेव्हा सहा महिने झाले होते आणि त्या दिवसापासून तिची झोप जी उडाली होती, ती परत आलीच नव्हती. डॉक्टरांनी रात्री घ्यावयाची एक गोळी लिहून दिली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा स्वयंपाकघरात एका पातेल्यात काही उकळत होते. विचारले तर म्हणाली, "कृष्णकमळाचा पाला आहे. कोणीसं सांगितलं, झोप लागते म्हणून." गोळी बंद केलीस का, असे आम्ही विचारले. "बंद कशाला? दोन्ही घेते." आमच्या चेहऱ्यावरची काळजी तिने ओळखली असावी. ओटीवरच्या वेलीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "अरे, ज्या फुलावर देवाने आपल्या पुत्राचा क्रूस काढला, त्या वेलीने कधी अपाय होईल का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांला देता आले नाही. पातेले तेवढे खाली उतरवून ठेवले आणि थोडे वाचून पुन्हा येतो, असे सांगून आम्ही निघालो. त्या वाचनातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

कृष्णकमळ आपल्या घराघरांत आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात एखाद्या सिस्टरने हे फूल हातात धरून आपल्याला प्रभूचे दुःखसहन समजावून दिले नाही, असा आमच्या पिढीतला माणूस विरळाच. फुलाच्या बाहेरच्या दहा पाकळ्या म्हणजे दहा प्रेषित. नाकारणारा पेत्र आणि विश्वासघात करणारा यहूदा यांना त्यात जागा नाही. मधले तंतूंचे कडे म्हणजे काट्यांचा मुकुट. पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन स्त्रीकेसर म्हणजे तीन खिळे. मधोमध उभा राहिलेला दांडा म्हणजे प्रभूला ज्याला बांधून फटके मारले तो खांब, वेलीचे तणावे म्हणजे चाबकाचे आसूड, आणि टोकदार पान म्हणजे भाला. लहानपणी हे ऐकताना अंगावर काटा येई. पुढे कधी तरी शेजारच्या काकूंनी तेच फूल दाखवून सांगितले, की हे शंभर तंतू म्हणजे कौरव, हे पाच पांडव, वरचे तिघे ब्रह्मा, विष्णू, महेश, आणि आत बसला आहे तो कृष्ण. तेव्हा आम्ही गोंधळलो होतो. एकाच फुलात दोन पुराणे कशी मावली?

याचे उत्तर शोधू गेल्यास पहिली गोष्ट समजते ती ही, की ही वेल मुळात आपली नव्हेच. या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत आणि आशिया-ऑस्ट्रेलियातील थोड्या जाती सोडल्या, तर बाकी सगळ्या अमेरिका खंडातल्या. तेथील उष्ण अरण्यांत, नदीकाठी, उजाड पडलेल्या शेतांच्या कडांना ती आपोआप माजते. म्हणजे महाभारत रचले गेले तेव्हा ही वेल महासागरापलीकडे होती, आणि शुभवर्तमाने लिहिली गेली तेव्हाही ती तेथेच होती. पेरू, पपई, अननस, काजू, मिरची यांच्याप्रमाणेच गलबतांचे मार्ग खुले झाल्यावर ती जुन्या जगात पसरली. तिच्यावर लिहिलेल्या दोन्ही कथा वेलीपेक्षा पुष्कळ तरुण आहेत.

यूरोपीय लेखणीला ही वेल प्रथम सापडली ती फळाच्या रूपाने. स्पॅनिश सैनिक आणि बखरकार पेद्रो सिएसा दे लेओन याने १५५३ मध्ये छापलेल्या पेरू देशाच्या वृत्तांतात 'ग्रानादिल्या', म्हणजे लहान डाळिंबे, या फळांचा उल्लेख केला. डाळिंबासारखे दाणे पाहून स्पॅनिश लोकांनी आपल्या ओळखीचे नाव देऊन टाकले. ब्राझीलमधल्या तुपी लोकांचे 'माराकुजा' हे नाव मात्र आजही पोर्तुगीज भाषेत टिकून आहे. त्यानंतर सेव्हिल शहरातला वैद्य निकोलास मोनार्देस याने नव्या जगातील औषधींवरच्या आपल्या ग्रंथात या वेलीला स्थान दिले. १५७४ पर्यंत या ग्रंथाचे तीन भाग प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की मोनार्देस स्वतः जन्मात अमेरिकेला गेला नाही. सेव्हिलच्या बंदरात जहाजे लागत, खलाशी आणि व्यापारी मुळ्या, साली, बिया उतरवीत. तो त्यांच्याकडून ऐके, बागेत लावून पाही, रोग्यांना देऊन पाही आणि लिही. या फुलात दुःखसहनाच्या खुणा दिसतात, ही वार्ताही त्याच्यापर्यंत पोहोचली होती. फळाचा रस तेथील लोक आवडीने पितात आणि त्याने पोटाला आराम पडतो, हेही त्याने नोंदविले आहे.

या सर्व लेखकांत आमचे मन ज्याच्यापाशी थांबले, तो मात्र येशूसंघाचा एक धर्मगुरू आहे. फादर होसे दे अकोस्ता यांनी पेरूमध्ये अनेक वर्षे काढली होती. १५९० मध्ये सेव्हिल येथे त्यांचा 'इंडीजचा निसर्ग आणि नीती यांचा इतिहास' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रानादिल्याच्या फुलाविषयी ते लिहितात, ते आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. या फुलात दुःखसहनाची चिन्हे आहेत असे लोक म्हणतात. त्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. मात्र सांगितले जाते ते सगळे दिसायचे, तर पाहणाऱ्याच्या भक्तीने थोडा हातभार लावावा लागतो. एवढे सांगून ते शांतपणे पुढच्या फळाकडे वळतात. आपल्या एका येशूसंघीय धर्मगुरूने सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळापूर्वी किती सौम्यपणे आणि किती खरे बोलून ठेवले आहे! त्यांनी भक्तीची टिंगल केली नाही आणि फुलावर नसलेले काही लादलेही नाही.

रोममध्ये गोष्टीला निराळे वळण लागले. माल्टाच्या सरदारसंघाचा इतिहासकार जाकोमो बोसियो हा पवित्र क्रुसावर एक मोठा ग्रंथ लिहीत होता. त्याच्याकडे मेक्सिकोहून आलेले अगस्तीनियन संघाचे धर्मबंधू एम्मानुएल दे विल्येगास या फुलाची चित्रे घेऊन गेले. बोसियोला ती पाहून आश्चर्य वाटले, पण विश्वास बसेना. असले विलक्षण फूल ग्रंथात घालावे की नाही, याचा त्याने बराच विचार केला. मग मेक्सिकोहून रोमला आलेल्या येशूसंघीयांनी ग्वाही दिली, आणखी चित्रे आली. इकडे बोलोन्यातील दोमिनिकन संघाचे सिमोने पार्लास्का यांनी १६०९ मध्ये या फुलावर पुस्तिकाच काढली. तेव्हा कुठे बोसियोने १६१० च्या आपल्या ग्रंथात फुलाला मानाचे पान दिले. तंतू बहात्तर आहेत आणि परंपरेनुसार मुकुटाचे काटेही बहात्तरच होते, असे तो लिहितो. त्याने प्रत्यक्ष फूल पाहिले नव्हते. चित्रांत ते अर्धवट मिटलेले, घंटेसारखे दाखविलेले होते, आणि त्या मिटलेपणातही त्याला एक गूढ दिसले. ज्याला कोणी घंटेच्या आकारात रेखाटले, ते फूल प्रत्यक्षात थाळीसारखे सपाट उघडते, हे आपल्या पडवीत रोज दिसते.

याच काळात आपल्या किनाऱ्यावर काय चालले होते, हे सहज आठवले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे छापून झाले. मराठी भाषेची थोरवी सांगताना या इंग्रज येशूसंघीयाला फुलाची उपमा हवी होती, आणि त्याने ती घेतली आपल्या मोगऱ्याची. पण हे विषयांतर झाले.

रोमच्या कार्दिनल ओदोआर्दो फार्नेसे यांच्या बागेत ही वेल फुलली आणि १६२५ मध्ये त्या बागेतील दुर्मीळ वनस्पतींच्या ग्रंथात तिचे चित्र व वर्णन छापले गेले. आता फूल प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होते. चार वर्षांनी, १६२९ मध्ये, लंडनचा औषधविक्रेता आणि उद्यानतज्ज्ञ जॉन पार्किन्सन याने आपल्या पुस्तकात 'येशूसंघीयांचे चित्र' म्हणून काटे-खिळ्यांनी भरलेले ते जुने चित्र मुद्दाम छापले आणि त्याची मनसोक्त टर उडविली. तो काळच तसा होता. धर्मसुधारणेच्या भांडणात एक बिचारी वेलही सापडली. पार्किन्सनची चिडचिड आज वाचताना हसू येते. परंतु एवढे कबूल केले पाहिजे, की फुलाकडे फूल म्हणून पाहा, हे त्याचे मागणे अगदीच गैर नव्हते. अकोस्तांनी तेच किती गोडीने सांगितले होते! पुढे स्वीडनचा लिनीयस, जो ल्यूथरपंथी होता, याने १७५३ मध्ये या कुळाला शास्त्रीय नाव दिले तेव्हा 'पॅसिफ्लोरा', म्हणजे दुःखसहनाचे फूल, हेच नाव कायम ठेवले. भांडण मिटले ते असे, कोणाच्या ध्यानात न येता.

फूल जेथे गेले तेथे तेथील लोकांनी त्यात आपल्या मनातले वाचले. जपानी लोक त्याला 'घड्याळाची वेल' म्हणतात. तीन केसर त्यांना काट्यांसारखे दिसले, पण घड्याळाच्या. आपल्याकडे कोणी कृष्णकमळ म्हणाले, कोणी राखीफूल, कोणी पंचपांडव. शेजारच्या काकू चुकल्या नव्हत्या, सिस्टरही चुकल्या नव्हत्या. फूल दोघींनाही आपले वाटले, एवढेच.

पण मावशीचा प्रश्न फुलाच्या अर्थाचा नव्हता, पाल्याच्या गुणाचा होता. यूरोपात त्या काळी एक समज फार बलवत्तर होता. परमेश्वराने प्रत्येक वनस्पतीच्या अंगावर तिच्या औषधी गुणाची खूण करून ठेवली आहे. ती वाचता आली की झाले. आक्रोड मेंदूसारखा दिसतो, म्हणून तो डोक्याच्या दुखण्यावर. नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५८८ मध्ये या विषयावर सचित्र ग्रंथच लिहिला. आम्हांला वाटले होते, की दुःखसहनाच्या फुलाचे औषधही असेच खुणांवरून ठरले असेल. तसे घडलेले दिसत नाही. बोसियो या फुलाबद्दल पानेच्या पाने लिहितो, पण ते फूल कशावर उगाळून लावावे, असे सांगत नाही. त्याला त्यात उपदेशाचे चित्र हवे होते. क्रुसाची खूण सांगणारे आणि वेलीचे औषध जाणणारे लोक पहिल्यापासूनच वेगळे होते. औषध जाणणारे म्हणजे ज्यांच्या रानात ती वेल वाढत होती ते.

त्यांचे म्हणणे लिहून ठेवण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. जे थोडे लिहिले गेले, त्यात एक ग्रंथ असा आहे, की ख्रिस्तसभेच्या एका शाळेमुळे तो आजवर टिकला. मेक्सिको शहराजवळ त्लातेलोल्को येथे फ्रान्सिस्कन संघाने मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी होली क्रॉसचे विद्यालय चालविले होते. तेथे मार्तिन दे ला क्रूस हा नाहुआ वैद्य होता. त्याने विद्यापीठाचे तोंड पाहिले नव्हते. आपल्या वाडवडिलांकडून शिकलेली औषधे त्याने सांगितली आणि हुआन बादियानो या नाहुआ पंडिताने ती लॅटिन भाषेत उतरविली. १५५२ मध्ये रंगीत चित्रांसह हे हस्तलिखित पूर्ण होऊन स्पेनच्या राजाकडे भेट म्हणून गेले. त्यात 'कोआनेनेपिल्ली' नावाची एक वनस्पती आहे आणि काही अभ्यासक तिचा संबंध कृष्णकमळाच्या कुळाशी जोडतात. या नावाचा अर्थ सापाची जीभ. जेथे पुढे धर्मबंधूंना भाला दिसला, तेथे त्या लोकांनी आधीच काही तरी पाहिले होते, आणि त्यांच्या वैद्यांनी ते औषधाच्या पेटीत ठेवले होते.

या ग्रंथाचा पुढचा प्रवास सांगितल्याविना राहवत नाही. राजदरबारी त्याचा कोणी फारसा उपयोग केला नाही. हातोहात फिरत तो रोमला पोहोचला, आणि व्हॅटिकन ग्रंथालयात १९२९ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस पडेपर्यंत जवळजवळ विसरला गेला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये तो मेक्सिकोला परत दिला. त्या वैद्याच्या आडनावातही क्रूस आहे. स्पॅनिशमध्ये 'दे ला क्रूस' म्हणजे क्रुसाचा.

उत्तर अमेरिकेतही हेच. इंग्रज दर्यावर्दी जॉन स्मिथ याने १६१२ मध्ये व्हर्जिनियाचे वर्णन लिहिताना तेथील लोक 'माराकॉक' नावाचे, लिंबासारखे फळ खातात व लावतात, असे नमूद केले. ही तेथील जांभळट फुलांची जात, पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा. आजच्या औषधांत जी वेल वापरतात, ती हीच. चेरोकी लोकांच्या टेनेसीमध्ये ओकोई नावाची नदी आहे. या वेलीच्या त्यांच्या भाषेतील नावावरूनच ते नाव पडले आहे. चेरोकी वैद्य तिच्या मुळाचा काढा कोमट करून ठणकणाऱ्या कानात घालीत. अंगावर पिणाऱ्या मुलाला तोडायचे झाल्यास त्याला तो पाजीत. गळवांवर देत. आणि काटेरी झुडपाने झालेल्या, सुजलेल्या जखमेवर मूळ कुटून त्याचा लेप लावीत. हे शेवटचे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. रोममध्ये ज्या वेलीवर काट्यांच्या मुकुटाचे बहात्तर काटे मोजले जात होते, त्या कुळातल्या एका वेलीचे मूळ दूर एका अरण्यात कोणी तरी खऱ्या काट्याच्या जखमेवर बांधीत होते. या दोघांची एकमेकांशी कधी गाठ पडली नाही.

१८३८-३९ मध्ये अमेरिकन सरकारने चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून पश्चिमेकडे पायी चालविले. वाटेत हजारो माणसे मेली. एकोणिसाव्याच शतकात दक्षिणेतील गोरे डॉक्टर ही वेल झोपेसाठी आणि मज्जातंतूंच्या तक्रारींसाठी देऊ लागले. १९१६ ते १९३६ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय औषधसूत्रसंग्रहात तिला स्थान होते. ज्यांच्या रानातली ती, ते लोक तोवर शेकडो मैल दूर गेले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात कथा कमी आणि हिशेब अधिक आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७८ मध्ये चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या झोपेच्या औषधांतून हिला वगळले. गुण आणि सुरक्षितता यांचा पुरेसा पुरावा पुढे आला नव्हता. यूरोपात ती पारंपरिक औषध म्हणून मान्य आहे, सौम्य मानसिक ताण आणि झोपेची तक्रार यांसाठी. तेही दीर्घकाळच्या वापराच्या आधारावर, प्रयोगांच्या नव्हे. २००१ मध्ये इराणी संशोधकांनी चिंताविकाराच्या ३६ रुग्णांवर एक लहानसा प्रयोग केला. निम्म्यांना चार आठवडे या वेलीचा अर्क दिला, निम्म्यांना ऑक्साझेपाम ही नेहमीची गोळी. शेवटी दोन्ही गटांत फारसा फरक आढळला नाही. गोळीचा गुण लवकर आला, पण गोळी घेणाऱ्यांना कामात अधिक अडचण जाणवली. छत्तीस माणसे म्हणजे काही फार नव्हेत. तरी ज्या लोकांना अडाणी ठरविले गेले, त्यांचे म्हणणे निराधार नव्हते, एवढे त्यावरून म्हणता येईल.

मात्र यूरोपातील नियामक संस्था आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. झोपेच्या किंवा गुंगी आणणाऱ्या औषधांबरोबर डॉक्टरांच्या सल्ल्याविना ही वेल घेऊ नये, कारण दोन्हींची गुंगी एकत्र वाढू शकते. मावशी नेमके तेच करीत होती. त्यात आणखी एक पेच. आपल्या ओटीवर जे निळे-पांढरे कृष्णकमळ आपण लावतो, ते पॅसिफ्लोरा सेरुलिया, ही जात निराळी. प्रयोग झाला तो तिच्यावर नव्हे. तिच्या पानांत सायनाइड तयार करू शकणारी द्रव्ये आढळली आहेत. नाव एक, फूल जवळजवळ एक, खुणा तर त्याच. पण पातेल्यात जाणारा पाला वेगळा.

आणि रानातली वेल? तिच्याविषयी न लिहिल्यास आमच्या आजीचा अपराध होईल. वसईच्या वाड्यांत, बावखलांच्या काठी, कुंपणांवर एक बारीक वेल माजते. फूल पांढरे, आत जांभळी झाक, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारे. पान चुरगळले तर उग्र वास येतो, म्हणून तिचे नाव वेलघाणी. शास्त्रीय नावही तेच सांगते, पॅसिफ्लोरा फिटिडा, म्हणजे वासट. फळ गोटीएवढे, शेवाळासारख्या जाळीत गुंडाळलेले; पिकून पिवळेधमक झाले की आम्ही मुले ते जाळीतून सोडवून तोंडात टाकीत असू. आत आंबटगोड गर आणि काळ्या बिया. हिरव्या फळाला मात्र हात लावायचा नाही, अशी आजीची सक्त ताकीद होती. कच्च्या फळात तेच सायनाइडचे विष असते, हे आजीला कोणी सांगितले असेल? तिला अक्षरओळख नव्हती. तिला तिच्या आईने बजावले असेल आणि तिच्या आईला कोण्या पोराच्या पोटदुखीने.

ती जाळी नुसती शोभेची नाही. तिच्यावर चिकट ग्रंथी असतात आणि बारीक किडे त्यांत अडकून मरतात. आपल्याच देशातील संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिले, की ही जाळी कळीचे आणि फळाचे रक्षण तर करतेच, शिवाय अडकलेल्या किड्यांचे काही अंशी पचनही करते. कुंपणावरची वेलघाणी थोडीफार मांसाहारी निघावी, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटले. प्रायश्चित्तकाळात तिला शुक्रवारचा नियम कोण सांगणार!

उन्हातून खेळून आलो आणि डोके ठणकू लागले की आजी या वेलीची पाने चुरगळून कपाळावर फडक्याने बांधी. वासाने आम्ही नाक मुरडीत असू. भारतीय वनौषधींच्या ग्रंथांत पाहिले, तर या वेलीची पाने डोकेदुखी आणि घेरी यांवर डोक्याला बांधतात, आणि काढा पित्तावर व दम्यावर देतात, अशी नोंद सापडते. ब्राझीलमध्ये ती त्वचेच्या दाहावर लावतात. म्हणजे परदेशाहून आलेल्या या रानवेलीचा गुण आपल्याही लोकांनी शोधून काढला आणि तो आजीपर्यंत पोहोचला. आमच्यापर्यंत तो अर्धाच आला. पाने कपाळावर बांधायची, हे आठवते; किती वेळ, कोवळी की जून, लहान मुलास चालतात की नाही, यातले काही आम्ही विचारून घेतले नाही. आजी गेली तेव्हा आम्ही महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या आकृत्या काढीत होतो, आणि वेलघाणीचे लॅटिन नाव पाठ होते.

आठवड्याने आम्ही मावशीकडे परत गेलो. जे वाचले ते तिला जमेल तसे सांगितले. क्रुसाची खूण ज्यांनी पाहिली, त्यांनी ती औषध म्हणून पाहिली नव्हती. औषध ज्यांना ठाऊक होते, त्यांनी निराळी वेल, तिचे मूळ, तिचे माप ओळखून वापरले होते. आणि गोळीबरोबर तर ते मुळीच घ्यायचे नाही. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे फूल खोटं?"

आम्ही तिला फादर अकोस्तांचे म्हणणे सांगितले. भक्तीने थोडा हातभार लावावा लागतो, हे ऐकून ती पहिल्यांदाच हसली. "तो तर मी लावतेच आहे." दुसऱ्या दिवशी तिला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. काढा बंद झाला, गोळीचे प्रमाणही त्यांनी हळूहळू कमी करीत नेले. झोप अजून पूर्वीसारखी नाही. रात्री दोनच्या सुमारास जाग येते, तेव्हा ती उठून जपमाळ म्हणते.

मागच्या खेपेस गेलो तेव्हा ओटीवरच्या वेलीची निम्मी पाने सुरवंटांनी फस्त केली होती. या वेलीचा पाला खाऊन वाढणारी तांबूस-नारिंगी फुलपाखरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या अंगातही तसलेच विष असते, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. फवारणी करू का, असे आम्ही विचारले. "राहू दे," मावशी म्हणाली, "त्यांना पचतं." मग उरलेल्या पानांतून एक उमललेले फूल तिने खुडले आणि आत वेदीवर नेऊन ठेवले.